नागपूरकरांचा वकील आणि त्याचे लाख रुपये

महालांतल्या अरुंद रस्त्यांनीं जाणाऱ्यास भोसल्यांच्या मोठ्या राजवाड्याचें वैभव आतां दिसत नाहीं. १८६४ च्या आगींत तो वाडा जळाला. परंतु सन १७८० च्या सुमारास याच नागपूरच्या दरबारांतून मुधोजी भोसले पुणें, हैदराबाद व कलकत्ता या तिन्ही ठिकाणांशीं एकाच वेळीं राजकारण खेळत होते. कलकत्त्याचा डाव ज्याच्या हातीं होता, तो त्यांचा वकील बेनीराम पंडित.

त्या काळीं सावकारी व मुत्सद्देगिरी यांच्यामध्यें आजच्यासारखी भिंत नव्हती. बारामतीचे बाबूजी नाईक हे मूळचे सावकार, बाजीरावाचे धनको. तरी १७४० त बाजीराव वारल्यावर त्यांस पेशवाई मिळावी म्हणून थोरल्या रघूजी भोसल्यांनीं खटपट केली. ज्याची पत बाजारांत, त्याचा शब्द दरबारांत, असा तो व्यवहार होता. बेनीराम व त्याचा भाऊ विश्वंभर यांचें चरित्र याच प्रकाशांत वाचलें पाहिजे.

१७८० त पुणेंकर, हैदर व निजाम यांनीं इंग्रजांविरुद्ध जूट केली. बंगालवर स्वारी करणें हा त्यांत भोसल्यांचा वांटा. मुधोजींचा पुत्र चिमणाजी फौज घेऊन कटकास आला खरा. पण तलवार म्यानांतच राहिली, आणि वॉरन हेस्टिंग्जच्या तिजोरींतून सुमारें सोळा लाख रुपये भोसल्यांस पोंचले.

पुढील वर्षीं हेस्टिंग्ज स्वतःच संकटांत सांपडला. काशीच्या चेतसिंगाकडे त्यानें जबर रकमेची मागणी केली आणि १६ ऑगस्ट १७८१ रोजीं त्यास नजरकैदेंत ठेविलें. शहर खवळलें, कंपनीचे शिपाई कापले गेले, राजा निसटला. २१ ऑगस्टच्या रात्रीं बंगालचा गव्हर्नर जनरल चुनारच्या किल्ल्याकडे पळाला. हातीं पैसा नाहीं, लष्कराचा पगार तुंबलेला. अशा वेळीं पंडितबंधू त्याच्याबरोबर राहिले आणि काशींत असलेले आपले एक लाख रुपये त्यांनीं त्याच्यापुढें केले. ही गोष्ट खुद्द हेस्टिंग्जनेंच आपल्या निवेदनांत नमूद केली आहे. पुढें बेनीरामास त्यानें जहागीर दिली.

यास स्वामिद्रोह म्हणावें काय? उतावळेपणानें तसें म्हणूं नये. इंग्रज अगदींच बुडावे, अशी मुधोजींचीहि इच्छा नव्हती. पुण्याचें बळ वाढण्याची भीति त्यांस तितकीच होती. वकिलानें धन्याचें मन ओळखलें होतें. मित्राच्या आपत्तींत धांवून जाणें हा तर गुणच. दोष आहे तो जहागिरीचा. ज्या दरबारांत धन्याच्या वतीनें भांडावयाचें, त्याच दरबाराच्या उत्पन्नावर आपली मुलेंबाळें पोसूं लागलीं, म्हणजे वकिलाची जीभ मोकळी राहत नाहीं. पैसा देतांना बेनीराम स्वतंत्र होता. घेतांना तो बांधला गेला.

परंतु बेनीरामास दोष देणाऱ्यानें त्याच्या धन्याकडेहि पाहावें. सोळा लाख घेऊन म्यान न उघडणाऱ्या दरबारानें लाखाचा वकील कोणत्या तोंडानें जाब विचारावा? ज्या कटकास चिमणाजीची फौज स्वस्थ बसली, तें कटक १८०३ च्या देवगांवच्या तहानें इंग्रजांकडे गेलें, आणि पुढें पन्नास वर्षांनीं नागपूरहि गेलें. त्या वेळीं मात्र चुनारच्या त्या रात्रीची आठवण ठेवणारा कलकत्त्यांत कोणीहि उरला नव्हता.