धन जमिनीला की ऋण? जुन्या गाडीतल्या एका जाड तारेचा इतिहास

जुनी गाडी सेल्फला दाद देत नसेल, तर गॅरेजमध्ये पहिला आरोप बॅटरीवर होतो. बॅटरी काढली जाते, रात्रभर चार्जिंगला लागते, सकाळी पुन्हा बसते, आणि सेल्फ आदल्या दिवशीसारखाच घरघर करून थांबतो. मग नवी बॅटरी येते. तरीही तेच. नगर जिल्ह्यातल्या जुन्या जीपगाड्यांच्या वायरिंगशी माझी बरीच वर्षं झटापट चालू आहे आणि त्यातून माझं एक मत बनलं आहे. अशा गाडीला पाना लावण्याआधी तिची कुंडली मांडावी. ती कोणत्या साली, कोणाच्या आराखड्यावर आणि कोणासाठी बनली हे कळलं, की बॅटरीपासून निघणारी बोटाएवढी जाड केबल काय सांगते आहे तेही कळतं.

ही कुंडली मांडायला नगरसारखं गाव नाही. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण माझ्या तोंडी अजून नगरच. इंग्रजांच्या काळापासून ही छावणी आहे. १९४८ साली इथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभं राहिलं. सैन्याच्या गाड्यांवर संशोधन करणारी 'डीआरडीओ'ची प्रयोगशाळाही याच शहरात आहे. आणि फेब्रुवारी १९९४मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय तर शाळेच्या सहलींमुळे जिल्ह्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. तिथे लोक १९६५च्या युद्धात हस्तगत केलेल्या पॅटनसमोर फोटो काढतात. मी मात्र तिथल्या सर्वांत जुन्या गाडीपाशी जास्त वेळ थांबतो. रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली ही चिलखती गाडी.

सिल्व्हर घोस्ट १९०६-०७पासून बनत होती, पण तिला विजेवर चालणारा सेल्फ मिळाला तो १९१९पासून. त्याआधी इंजिन चालू करायचं तर पुढे उभं राहून हँडल मारायचं. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा सेल्फ १९१२च्या कॅडिलॅकमध्ये बसला आणि मोटारीतल्या बॅटरीचं कामच बदललं. तोवर बॅटरी फार तर ठिणगीपुरती आणि दिव्यांपुरती होती. आता तिला काही सेकंदांसाठी शंभर-दोनशे अँपिअर सोडायचे होते. एवढा प्रवाह दिव्याच्या तारेतून गेला तर तार जळून जाईल. म्हणून ती जाड केबल आली.

पण जाड केबल एकच असून भागत नाही. वीज बॅटरीतून निघते तशी तिला परतही यावं लागतं. प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, सेल्फला दोन-दोन तारा ओढण्याऐवजी मोटार बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. बॅटरीचं एक टोक सरळ गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बांधलं आणि परतीची वाट सांगाड्यातूनच काढली. आपले मिस्त्री त्याला 'बॉडी अर्थ' म्हणतात. जमिनीशी त्याचा काही संबंध नाही, गाडी रबरी टायरांवरच उभी असते. सांगायचं एवढंच, की जुन्या गाडीच्या वायरिंगमधला अर्धा भाग दिसतच नाही. तो म्हणजे खुद्द गाडी. आणि बिघाड शोधणारा माणूस बहुतेक वेळा दिसणाऱ्या अर्ध्यातच शोधत राहतो.

मग प्रश्न आला, बॅटरीचं कोणतं टोक सांगाड्याला बांधायचं? विजेच्या दृष्टीने दोन्ही चालतं, आणि जगाने दोन्ही केलं. विलायतेत १९३०च्या दशकाच्या मध्यापासून धन टोक बॉडीला बांधायची चाल पडली. टर्मिनल कमी खातात, स्पार्क प्लगला ठिणगी बरी मिळते, अशी कारणं दिली जात. तारायंत्र आणि टेलिफोनवाल्यांनी तांब्याच्या तारा गंजू नयेत म्हणून धन टोक जमिनीला बांधलं होतंच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उणे ४८ व्होल्टची ती पद्धत आजही आहे. अमेरिकेत फोर्डच्या गाड्या १९५५पर्यंत धन-अर्थच्या, तर विलीसची जीप ऋण-अर्थची. पुढे डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला, गाडीत ट्रान्झिस्टरचा रेडिओ आला, आणि १९६०च्या दशकात विलायतेनेही ऋण-अर्थ स्वीकारला.

आपल्याकडे हे सगळे प्रवाह एकाच रस्त्यावर आले. मॉरिस ऑक्सफर्ड धन-अर्थची, फियाट ११०० ऋण-अर्थची. मॉरिसच्या आराखड्यातून आपली अँबेसडर आली, तर फियाट कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात तयार झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या शिल्लक मालातल्या विलीस आणि फोर्ड जीप बाजारात आल्या. महायुद्धात अशा जीप सहा लाखांवर बनल्या होत्या. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू केली. उसाच्या पट्ट्यातल्या कच्च्या रस्त्यांवर, कारखान्याच्या आवारात, निवडणुकीच्या प्रचारात पुढची कित्येक वर्षं हीच गाडी दिसायची.

व्होल्टेजचंही तसंच. महायुद्धातली जीप ६ व्होल्टची, नंतरच्या नागरी गाड्या १२ व्होल्टच्या, आणि १९५०नंतरची अमेरिकी लष्करी जीप २४ व्होल्टची. हा फरक नुसता बल्ब बदलण्याचा नाही. तेवढंच काम करायला ६ व्होल्टच्या सेल्फला १२ व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो. समजा, केबल आणि तिचे जोड मिळून ०.०१ ओहमचा अडथळा आहे. १२ व्होल्टच्या गाडीत ७५ अँपिअर वाहताना त्यात पाऊण व्होल्ट जातो, म्हणजे सोळावा हिस्सा. ६ व्होल्टच्या गाडीत १५० अँपिअर वाहताना दीड व्होल्ट जातो, म्हणजे चौथा हिस्सा. तार तीच, पण नुकसान चौपट. म्हणून ६ व्होल्टच्या गाडीला मुळात जास्त जाड केबल दिलेली असते. आज दुकानात तयार मिळणारी केबल १२ व्होल्टच्या हिशोबाची असते. ती बसते व्यवस्थित, दिसते नवी, आणि सेल्फ मरगळतो.

राहुरी तालुक्यातल्या एका वस्तीवरची जीप मला आठवते. महायुद्धातली, ६ व्होल्टची, नव्याने रंगवलेली. दोन वर्षांत तिच्या तीन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. सेल्फ दाबला की इंजिन अर्धा फेरा फिरून थांबायचं. या जीपमध्ये सेल्फचा खटका पायाशी असतो आणि सेल्फचा सगळा प्रवाह त्या खटक्यातूनच जातो, त्यामुळे संशयाला जागा आणखी एक वाढते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली, ठिणगी बंद केली, आणि एकाला सेल्फ दाबायला सांगून मी मीटर लावत गेलो. बॅटरी स्वस्थ असताना ६.३ व्होल्ट. सेल्फ दाबल्यावर बॅटरीवर ५.२, म्हणजे बॅटरी ठीक. पण सेल्फपाशी जेमतेम ३.६. मधले १.६ व्होल्ट कुठे गेले? धन टोकापासून सेल्फपर्यंत ०.५, पायाच्या खटक्यासकट. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत १.१. खरं तर परतीच्या वाटेवर दोन-तीन दशांश व्होल्टच्या वर काही जाऊ नये.

कारण अर्थच्या थिंबलखालीच होतं. गाडी रंगवताना सांगाड्यावर सुरेख जाड रंग चढवला होता आणि थिंबल त्या रंगावरच आवळलं होतं. रंग वीज अडवतो. इंजिन रबराच्या बैठकींवर बसलेलं असतं, म्हणून सांगाडा आणि इंजिन यांना जोडणारी विणलेल्या तारेची पट्टी असावी लागते. ती या गाडीत नव्हतीच. परत जायला धड वाट नसल्याने वीज मिळेल त्या आडवाटेने जात होती. चोकची तार सेल्फ मारताना कोमट लागायची, ती त्यामुळे. दोन जागी रंग खरवडून लोखंड उघडं केलं, नवी पट्टी बसवली, दोन्ही केबल जाड टाकल्या, टर्मिनल सोड्याच्या पाण्याने धुऊन वर व्हॅसलीन लावलं. बॅटरी तीच ठेवली. इंजिन फिरलं.

ती पट्टी का गेली असेल, यालाही इतिहास आहे. युद्धात वायरलेस संच असलेल्या गाड्यांमध्ये इंजिनच्या ठिणग्यांची खरखर संचात येऊ नये म्हणून बॉनेट, इंजिन, सांगाडा असे सगळे भाग अशा पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेले असत. नागरी मालकाला वायरलेसचं काय? इंजिन उतरवलं, पट्टी तुटली, कोणी परत लावली नाही. पट्ट्या एकसारख्याच दिसत, त्यामुळे खरखर अडवणाऱ्या पट्ट्यांबरोबर सेल्फची परतीची वाटही गेली.

इथून पुढचा प्रश्न मीटरने सुटत नाही. धन-अर्थची जुनी गाडी ऋण-अर्थवर आणायचा आग्रह बरेच मालक धरतात. करणं अवघड नाही. सेल्फला फरक पडत नाही, कारण त्यातल्या दोन्ही चुंबकांची दिशा एकदम उलटते आणि तो त्याच बाजूला फिरतो. डायनॅमोला नव्या दिशेची क्षणभर चुणूक द्यावी लागते, अँपिअर मीटरच्या आणि कॉइलच्या तारा अदलाबदल कराव्या लागतात. गाडी चालते, मोबाइल चार्जर लावता येतो. पण त्या गाडीला एक गोष्ट माहीत होती, ती पुसली जाते. शिवाय हा बदल कुठे लिहून ठेवलेला नसतो. पुढचा मिस्त्री जुनं पुस्तक वाचून बॅटरी उलटी लावतो आणि घरात साठवलेला सुटा भाग जळतो. संग्रहालयातली गाडी उभी असल्याने तिचा पुरावा निदान शाबूत राहू शकतो. चालत्या गाडीला मात्र चालायचंही असतं आणि साक्षही द्यायची असते.

माझा स्वतःचा कल मूळ पद्धत ठेवण्याकडे आहे, पण रोज बाजारहाट करणाऱ्या गाडीला मी हा नियम लावत नाही. दोन्ही वेळा एक काम मात्र चुकवत नाही. बॅटरीच्या पेटीवर ब्रशने ठळक लिहितो: किती व्होल्ट, कोणतं टोक बॉडीला, आणि बदल केला असेल तर कोणत्या साली. एवढ्या तीन गोष्टी माहीत असलेले जुने मिस्त्री आता फारसे उरलेले नाहीत, आणि त्यांनी त्या कधी कागदावर उतरवल्या नव्हत्या.