टायरच्या बाजूवरचे आकडे

मोटारीसाठी टायर निवडताना आज त्याच्या बाजूवर उमटवलेली '१८५/६५ आर १५ ८८ एच' यांसारखी सांकेतिक ओळ वाचावी लागते. मात्र ही ओळ एकदमच ठरलेली नसून, टायरच्या अंतर्रचनेत झालेल्या एका बदलामागोमाग ती लांबत गेली आहे.

जॉन बॉइड डनलप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे सायकलीसाठी हवेचा टायर सिद्ध केला आणि १८९५ च्या पॅरिस-बोर्डो-पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी तसे टायर बसवलेली मोटार उतरवली. पुढे दीर्घकाळ टायरमध्ये रबर चढवलेल्या धाग्यांचे थर, म्हणजेच प्लाय, एकमेकांना छेदत तिरपे बसवले जात, त्यामुळे बाजू आणि तळ यांचा ताठपणा वेगवेगळा राखता येत नसे. अशा टायरचे माप '५.९०-१५' असे दोनच आकड्यांत, म्हणजे रुंदी व रिमचा व्यास इंचांत देऊन, संपत असे; उंची जवळपास रुंदीइतकीच असल्याने ती निराळी सांगण्याचे कारणच नव्हते.

मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये पेटंट घेऊन १९४९ मध्ये बाजारात आणलेल्या 'एक्स' टायरने ही रचना मोडली. त्यात धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे, चाकाच्या त्रिज्येच्या दिशेने, घातले होते (रेडियल हे नाव त्यावरूनच आले), आणि नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे होते; परिणामी बाजू लवचीक राहूनही तळ ताठ राहिला, वळणावरची पकड सुधारली आणि झीज घटली. तरीही अमेरिकेत रेडियल रुळायला १९७० चे दशक उजाडले, कारण तेथील कारखान्यांची यंत्रे आणि मोटारींचे सस्पेन्शन दोन्ही जुन्या टायरला धरून घडलेली होती. गुणापेक्षा गुंतवणूक जड ठरली, असेच म्हणावे लागते.

भारतात डनलपचा साहागंज येथील कारखाना १९३६ मध्ये, तर सिएट ही कंपनी मुंबईत १९५८ मध्ये सुरू झाली. अँबॅसडरला ५.९०-१५ आणि कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीला ५.२०-१४ हे माप ठरलेलेच असल्याने मालकाच्या हाती फार तर कंपनीची निवड उरे, आणि टायर 'गोटा' झाला की अनेकदा त्यावर नवे रबर चढवून तो रिमोल्ड केला जाई.

रेडियल टायर रुंद व बुटके होऊ लागल्यावर मात्र माप वाढवणे भागच पडले. वरील ओळीत १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ हे उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, 'आर' ही रेडियलची खूण आणि १५ हा अजूनही इंचांतच मोजला जाणारा रिमचा व्यास होय. ८८ हा भारांक प्रत्येक टायरला ५६० किलोंपर्यंतचे वजन पेलते असे सांगतो, तर 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. यांपैकी भारांकाकडेच ग्राहकाचे सर्वाधिक दुर्लक्ष होते; वास्तविक मोटार बनवणाऱ्या कंपनीने नेमून दिलेल्या भारांकाहून अधिक भारांकाचा टायर चालतो, कमी भारांकाचा चालत नाही.