वेगळी विहीर, वेगळी प्रश्नपत्रिका

अमेरिकेतील काळ्यांशी आपले नाते कवितेतून जुळले. त्यांच्या कवींची भाषांतरे आपल्या नियतकालिकांनी छापली. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी संघटनेचे नावही त्यांच्याकडूनच घेतले. त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागितली होती. कार्यकर्त्यांना हे सारे पाठ आहे. पण या देवाणघेवाणीत एक लढा आपल्या नजरेतून निसटला, असे मला वाटते. इस्पितळात जखमा धुणाऱ्या, बेडपॅन उचलणाऱ्या काळ्या बायकांचा तो लढा. त्यांची मागणी ऐकायला अगदी साधी होती: आम्हांला परीक्षेला बसू द्या. गोऱ्या नर्स ज्या परीक्षेला बसतात, त्याच परीक्षेला.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेत कोणीही स्वतःला नर्स म्हणवून घेऊ शकत असे. १९०३ साली नॉर्थ कॅरोलिना राज्याने नोंदणीचा पहिला कायदा केला. त्याच वर्षी न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि व्हर्जिनियाने केला. जॉर्जियाचा कायदा १९०७ सालचा. मान्य शाळेतून शिकायचे, राज्याच्या परीक्षक मंडळापुढे परीक्षा द्यायची आणि उतरल्यावर 'रजिस्टर्ड नर्स' म्हणवून घ्यायचे, अशी ती रीत. शरीररचना, औषधे, रोगजंतू, आहार, शस्त्रक्रियेच्या रोग्याची आणि बाळंतिणीची शुश्रूषा असे विषय. रोग्याचा जीव अडाणी हातांत पडू नये हा हेतू, आणि त्यात वावगे काही नव्हते. पण कष्टाच्या कामाला एकदा का दर्जा चिकटला, की त्या कष्टात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांनाच दारात अडवले जाते. येथेही तेच झाले.

दक्षिणेत काळ्या बाईचा हात गोऱ्यांना कधी वर्ज्य नव्हता. गोऱ्यांची मुले तिच्या अंगावर पीत, गोऱ्यांच्या घरातली दुखणी ती रात्र रात्र जागून काढी. आपल्याकडे मांगीण सुईण हेच करीत आली. सवर्णाच्या लेकराला जगात पहिला स्पर्श तिचा. नंतर त्याच घरात शुद्धी. दोन्हीकडे हात चालत होता. अडचण झाली ती हाताला कागद मिळण्याची वेळ आली तेव्हा. कागद म्हणजे पगार, कागद म्हणजे सरकारी नोकरी, आणि त्याहून मोठे म्हणजे गोऱ्या बाईच्या नावापुढे जी पदवी लागते तीच काळ्या बाईच्या नावापुढे लागणे. जॉर्जियाच्या परीक्षक मंडळाला ते सोसवणारे नव्हते. मंडळाने काळ्या पदवीधर नर्सना गोऱ्यांबरोबर परीक्षेला बसूच दिले नाही.

त्यांच्यातली एक लुडी अँड्र्यूज. जन्म १८७५, जॉर्जियातील मिलेजव्हिल गावचा. अटलांटाच्या स्पेलमन सेमिनरीत, काळ्या मुलींसाठी चालवलेल्या संस्थेत, तिने परिचर्येचे शिक्षण घेतले आणि १९०६ साली ती बाहेर पडली. १९०९ साली तिने राज्याच्या परीक्षक मंडळाविरुद्ध कायदेशीर झगडा सुरू केला. तो दहा वर्षांहून अधिक चालला. मधल्या काळात, १९१४ साली, अटलांटाच्या ग्रेडी इस्पितळाने काळ्या नर्सची शाळा उभारण्याचे काम तिच्यावर सोपवले. म्हणजे दुसऱ्यांना नर्स बनवणारी ही बाई सरकारदप्तरी स्वतः मात्र नर्स नव्हती!

या झगड्यातली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मंडळाने तडजोड पुढे केली: तुला एकटीला परवाना देतो, मिटवून टाक. तिने तो घेतला नाही. द्यायचा तर सर्व काळ्या नर्सना त्याच परीक्षेची वाट मोकळी करा, असे तिचे म्हणणे. कोणी म्हणेल, घेतला असता आणि आत जाऊन लढली असती तर काय बिघडले असते? हा युक्तिवाद आपल्यातही रोज ऐकू येतो आणि तो नेहमीच खोटा असतो असे मी म्हणणार नाही. पण येथे तो लागू नव्हता. तिचा एक परवाना मंडळाच्या हातातले प्रमाणपत्र झाला असता. पुढची प्रत्येक काळी मुलगी दाराशी आली की मंडळाने लुडीकडे बोट दाखवले असते. प्रस्थापितांना अशा एका माणसाची फार गरज असते. १९२० साली मंडळ नमले. जॉर्जियातील पहिली काळी रजिस्टर्ड नर्स म्हणून तिची नोंद झाली, पण दार उघडले ते सर्वांसाठी.

मंडळांना दुसराही एक मार्ग सुचत असे: काळ्यांसाठी वेगळी परीक्षा. वरवर पाहता ही सवलत. प्रत्यक्षात ती वेगळी विहीर होती. वेगळ्या विहिरीचे पाणी कितीही गोड असले तरी तिच्या काठावर तुमची जात लिहिलेली असते. महाडला १९२७ साली तहान हा प्रश्नच नव्हता, तसेच हे. राजधानी वॉशिंग्टनमध्ये फ्रीडमेन्स इस्पितळाच्या शाळेतून १९१३ साली बाहेर पडलेल्या फ्रान्सेस इलियटने गोऱ्यांसाठी असलेल्या, अधिक अवघड समजल्या जाणाऱ्या परीक्षेलाच बसण्याचा हट्ट धरला आणि ती उतरली. पुढे १९१८ साली रेडक्रॉसने तिला घेतले. पहिली काळी नर्स म्हणून. तिच्या बिल्ल्यावर कोरले होते 'वन ए'. त्यातला 'ए' ती काळी असल्याची खूण. परीक्षा एक झाली, तरी बिल्ला वेगळा राहिला.

हे एकेकट्या बायकांचे धाडस नव्हते. १९०८ साली मार्था फ्रँकलिन या नर्सच्या हाकेवर न्यूयॉर्कमध्ये ५२ काळ्या नर्स जमल्या आणि 'नॅशनल असोसिएशन ऑफ कलर्ड ग्रॅज्युएट नर्सेस' ही संघटना उभी राहिली. वेगळ्या परीक्षांना या संघटनेचा विरोध होता. तिची मोठी कार्यकर्ती एडा थॉम्स. न्यूयॉर्कच्या लिंकन इस्पितळातील काळ्या नर्सच्या शाळेची ती १९०६ पासून १९२३ पर्यंत प्रमुख होती. पण कशी? प्रभारी! सतरा वर्षे प्रभारी. कायम पद काळ्या बाईला द्यायचे नाही म्हणून. आपल्या शिक्षक वाचकांना या शब्दाचा अर्थ समजावून सांगायला नको. बाबासाहेब १९१३ ते १९१६ त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. या बायका त्यांच्या कानावर आल्या असतील का, हा विचार मनात येतो, एवढेच.

सर्वांसाठी एक प्रश्नपत्रिका शेवटी आली ती मात्र न्यायबुद्धीने नव्हे. दुसऱ्या महायुद्धात नर्स झपाट्याने हव्या होत्या आणि प्रत्येक राज्य आपापले पेपर काढून आपापले तपासत बसले होते. १९४४ साली राज्यांच्या प्रश्नांचा एकत्र साठा करून समान परीक्षा सुरू झाली. १९५० पर्यंत सर्व राज्ये तीत आली. पर्यायांतून उत्तर निवडायचे, तपासणी मध्यवर्ती. उत्तरपत्रिकेवरच्या खुणेला रंग नसतो. त्याच युद्धात लष्कराने १९४१ साली काळ्या नर्ससाठी फक्त ५६ जागा ठेवल्या होत्या, ती अट मेबल स्टॉपर्सच्या नेतृत्वाखालील आंदोलनाने १९४५ च्या जानेवारीत उठवायला लावली. १९४८ साली गोऱ्यांच्या राष्ट्रीय नर्स संघटनेने दक्षिणेतील काळ्या नर्सना थेट सभासद करून घेतले, आणि काळ्यांची संघटना १९५१ साली विसर्जित झाली. पेपर एक झाला तरी शाळा एक झाल्या नव्हत्या, हेही येथेच नोंदवले पाहिजे. ग्रेडी इस्पितळात गोऱ्या नर्सची एक आणि काळ्या नर्सची एक अशा दोन शाळा १९६० च्या दशकापर्यंत चालल्या. पुस्तके कमी, साधने कमी, आणि कसोटी तीच. त्या बायकांना हे ठाऊक होते, तरीही त्यांनी सोपा पेपर मागितला नाही. चांगल्या शाळा मागितल्या.

ती परीक्षा १९८२ साली नव्या नावाने आली आणि १९९४ पासून संगणकावर होते. परदेशी जाणाऱ्या आपल्या नर्सही तीच देतात. मी ज्या वस्तीतील अभ्यासिकेत शिकवतो तेथे एक मुलगी रात्रपाळी करून तिची तयारी करते आहे.

आपल्याकडची रचना वेगळी. मुंबई प्रांतात नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला, देशाचा १९४७ साली. परवान्याची वेगळी परीक्षा येथे नाही. शाळेची अंतिम परीक्षा उतरली की राज्याच्या परिषदेत नोंद होते. प्रवेशाला राखीव जागा आहेत, उत्तीर्ण होण्याची रेषा मात्र सर्वांना एकच. 'कोट्यातली सिस्टर' म्हणून नाके मुरडणारे हे सोयीस्कररीत्या विसरतात. त्या मुलीने सलाईन लावायची शिरा शोधली ती सवलतीने शोधलेली नसते.

पण आपला द्वारपाल कोठे उभा आहे, हे पाहिले पाहिजे. लेखी पेपरावर बैठक क्रमांक असतो. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत मुलगी परीक्षकासमोर उभी असते. रोग्याच्या खाटेशी, ट्रे मांडून. आमच्या अभ्यासिकेतील मुली सांगतात, पहिला प्रश्न नाव, दुसरा गाव, आणि आडनावावरून उलगडा झाला नाही तर तिसरा प्रश्न वडील काय करतात. औषधाची मात्रा त्यानंतर. एकीने मला विचारले, "सर, याचे गुण असतात का?" तोंडी परीक्षेच्या खोलीतही बैठक क्रमांक पुरेसा आहे, ओळखपत्र दाराशी तपासता येते, आणि परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातून आणता येतो. आपल्या विद्यार्थी संघटनांच्या मागण्यांच्या पत्रकांत मी हे कलम शोधले; अजून मला ते सापडलेले नाही.