स्वयंपाक्याची दोन बोटं आणि मुंबई हाय: अपघाताचा इतिहास उलटा वाचून बघा

माझा पीएचडीचा विषय आहे समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम करणाऱ्यांसाठी तातडीची वैद्यकीय सेवा. हे ऐकलं की ठाण्या-डोंबिवलीत हमखास एक प्रश्न येतो: आपल्याकडे समुद्रात पवनचक्क्या आहेतच कुठे? प्रश्न रास्त आहे. जगातला असा पहिला प्रकल्प डेन्मार्कमध्ये विंडेबीला १९९१ साली उभा राहिला, ११ चक्क्यांचा. आपलं धोरण आलं २०१५ मध्ये. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी अर्थसाहाय्य मंजूर केलं.

मग इतिहास कुठून आणायचा? तुमच्या विषयाचा थेट पूर्वज सापडत नसेल, तर त्याच जागी, त्याच हवेत, त्याच अडचणीत आधी कोण काम करत होतं ते बघा. आपल्यासाठी ती जागा म्हणजे मुंबई हाय. किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत. १९७४ मध्ये तिथे तेल सापडलं आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. म्हणजे पन्नास वर्षं आपली माणसं तिथे समुद्रात राहून पाळ्या करताहेत. आजारी पडताहेत, जखमी होताहेत.

आता तारखेकडे येऊ. २६ जुलै २००५ म्हटलं की आपल्या भागात काही समजावून सांगावं लागत नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, उल्हास नदीचं पाणी बदलापूर-कल्याणच्या वस्तीत, लोकल जागच्या जागी. तुमच्यातले बरेच जण तेव्हा बालवाडीत असतील, पण घरात गोष्टी ऐकल्या असतीलच. त्याच्या दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबई हायवर 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरच्या एका स्वयंपाक्याच्या दोन बोटांची टोकं कापली गेली.

नेहमीचा दिवस असता तर हेलिकॉप्टर आलं असतं. पण पावसाने किनाऱ्यावरची उड्डाणंच बंद होती. मग त्याला उपचारासाठी शेजारच्या मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर न्यायचं ठरलं, क्रेनच्या टोपलीत बसवून. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन चालत नव्हती, म्हणून जहाज वाऱ्याच्या तोंडाच्या बाजूने न्यावं लागलं. त्यात जहाज जागेवर धरून ठेवणारी संगणकी यंत्रणा कुरबुर करू लागली, तेव्हा ते हाताने चालवून, मागची बाजू पुढे करून जवळ आणलं. लाटा मोठ्या होत्या. जहाजाच्या मागच्या भागातलं हेलिकॉप्टर उतरण्याचं डेक प्लॅटफॉर्मच्या रायझरवर आदळलं. रायझर म्हणजे समुद्रतळाकडून वर येणारे तेला-वायूचे उभे नळ. वायू सुटला, पेटला आणि दोनेक तासांत प्लॅटफॉर्म संपला. प्लॅटफॉर्म, जहाज आणि शेजारची ड्रिलिंग रिग मिळून ३८४ जण होते. २२ गेले. आठ जीवरक्षक होड्यांपैकी दोनच पाण्यात उतरवता आल्या.

या दुर्घटनेवर वाचायला बसलात तर बहुतेक लिखाण रायझरपासून सुरू होतं. नळांना संरक्षण का नव्हतं, ते बाहेरच्या बाजूला का होते, जहाजांनी किती जवळ यावं. हे सगळं महत्त्वाचंच आहे. तीन वर्षांनी, २००८ मध्ये, सागरी तेलक्षेत्रातल्या सुरक्षेसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम आले. पण तो स्वयंपाकी या लिखाणात एका वाक्यापुरता येतो. मी तुम्हाला सांगेन, अहवाल उलटा वाचा, त्या वाक्यापासून. अभियंत्यांसाठी अपघात दुपारी चारच्या सुमाराला टक्कर झाली तेव्हा सुरू होतो. आपल्यासाठी तो स्वयंपाकघरात, सुरीपाशी सुरू होतो.

तिथून वाचलं की वेगळे प्रश्न पडतात. बोटांची टोकं तुटणं वेदनादायक आहे, पण सहसा जिवावर बेतत नाही. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळून, पिशवीत बंद करून गार ठेवला तर बोटाच्या बाबतीत जोडणीसाठी साधारण दिवसभराचा अवधी मिळतो, कारण बोटात स्नायू जवळजवळ नसतात. रेडिओवरून जहाजांना डॉक्टरी सल्ला देणारं रोमचं केंद्र १९३५ पासून आहे, म्हणजे ही कल्पनाही नवी नाही. हे मी त्या दिवशीच्या लोकांना शहाणपण शिकवायला लिहीत नाहीये. हात रक्ताळलेला माणूस समोर असताना त्याला उपचाराकडे न्यावंसं वाटणं ही माणुसकीच आहे. मुद्दा असा, की समुद्रात रुग्ण हलवणं हाच उपचारातला सगळ्यात धोकादायक भाग असू शकतो, आणि आपण त्याला उपचारात धरतच नाही, वाहतुकीत धरतो.

त्याच जहाजावर याची दुसरी बाजूही होती. सहा पाणबुडे दाबाखालच्या कक्षात होते. साठ-सत्तर मीटर खोलीवर काम करणाऱ्यांचं शरीर त्या दाबाशी जुळवून ठेवलेलं असतं. त्यांना बाहेर काढायचं तर दाब हळूहळू, काही दिवस घेऊन उतरवावा लागतो, एकदम दार उघडलं तर रक्तात बुडबुडे होऊन माणूस मरतो. जहाज जळत असताना ते आत अडकले होते. साधारण ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. जहाज १ ऑगस्टला बुडालं.

हेलिकॉप्टर हे तरी खात्रीचं उत्तर आहे का? जानेवारी २०१८ मध्ये जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर सात जणांसह कोसळलं, जून २०२२ मध्ये दुसरं रिगजवळ पाण्यात पडलं आणि नऊपैकी चार जण गेले.

आता पवनचक्की. इथे मुंबई हायचा नमुना एका ठिकाणी तुटतो. प्लॅटफॉर्मवर शेकडो माणसं एकत्र, म्हणून तिथे दवाखाना ठेवणं परवडतं. चक्कीवर शंभरेक मीटर उंचीच्या खोक्यात दोन-तीन तंत्रज्ञ, खाली अरुंद शिडी, त्याखाली होडी. अशी विखुरलेली माणसं कुठे बघायची? मला उत्तर समुद्रात नाही, डोंबिवली एमआयडीसीत मिळालं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा, १९४८ चं कलम ४५ काढून बघा: दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी लागायची, पण रुग्णवाहिका-खोली फक्त ५०० हून जास्त कामगार असतील तर. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने घातक प्रक्रियांच्या कारखान्यांवर जास्त अटी आल्या, तरी मूळ कलम डोकी मोजत होतं, तीही एकेका आवारापुरती. वसाहतीत मिळून हजारो माणसं असोत, प्रत्येक शेड वेगळी मोजली जायची. २६ मे २०१६ ला तिथल्या स्फोटात १२ जण गेले, शंभराहून जास्त जखमी झाले, आणि त्यात कारखान्याबाहेरची, रस्त्यावरची, घरातली माणसं होती. आकडा आवाराच्या आत मोजला होता, इजा मात्र बाहेरही झाली.

चक्कीवर हाच हिशेब लावला तर प्रत्येक चक्की म्हणजे तीन माणसांचं आवार, पेटी एक. पहिला डॉक्टर म्हणजे शेजारी पाना धरून उभा असलेला सहकारी, आणि जखमी तोच असेल तर उरलेला एकटा. त्याला किती शिकवायचं, रुग्ण किती तास वरच सांभाळायचा, आणि 'आज खाली उतरवायचा नाही' हे कोणी म्हणायचं, हे नियमात लिहिता येईल का यावर माझं सध्याचं प्रकरण चालू आहे. पावसाळ्यातले उड्डाण-बंद दिवस मोजण्यापासून सुरुवात केली आहे.