'अशीच दुसरी द्या'

कादंबरी परत करावयास वाचनालयाच्या खिडकीशी आलेला वाचक बहुधा एकच मागणी करतो : "अशीच दुसरी द्या." वाङ्मयेतिहासकार लेखकांची चरित्रे लिहितात, संप्रदायांची वंशावळ मांडतात, टीकाकारांचे वाद नोंदवितात, या साध्या मागणीची दखल मात्र त्यांच्या ग्रंथांत क्वचितच आढळते. वस्तुतः प्रणयकथेचा इतिहास हा पुष्कळ अंशी या मागणीचा आणि तिला मिळालेल्या बऱ्यावाईट उत्तरांचा इतिहास आहे. कारण 'अशीच' म्हणजे नेमकी कशी, हे मागणाऱ्याला स्वतःला सांगता येत नाही. ते ओळखण्याचे काम देणाऱ्याचे असते.

हा विचार भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये बसून करण्यास विशेष कारण आहे. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती आणि त्या मध्यप्रदेशात हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी प्रांतरचना बदलली आणि विदर्भ वेगळा झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तोवर येथे नोकरीस येणारा मराठी माणूस परप्रांतस्थ झालेला होता. नागपूर आगगाडीने काही तासांच्या अंतरावरच राहिले. पण मराठी पुस्तक हे सहज मिळणाऱ्या वस्तूंतून उठून 'कोणी येणार असेल तर आणावयास सांगण्याच्या' वस्तूंत जाऊन बसले. जेथे पुस्तके विपुल, तेथे चुकीची शिफारस फारशी बाधत नाही. वाचक ते पुस्तक ठेवतो आणि दुसरे उचलतो. जेथे महिन्याकाठी एखादेच पुस्तक हाती येते, तेथे एका चुकीच्या शिफारशीने वाचक कायमचा गमावण्याचा संभव असतो.

या मागणीला मराठीत मिळालेले पहिले उत्तर नकलेचे होते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 साली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 साली प्रसिद्ध झाली. राजकन्या, विरह, संकटे, अद्भुत योगायोग आणि शेवटी मीलन, असा हा साचा लोकांना आवडला आणि त्याच साच्यातून पुढे अनेक कथा काढण्यात आल्या. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 1872 सालीच 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहून या प्रकाराची चिकित्सा आरंभिली, यावरून त्याचा प्रसार केवढा झाला होता याची कल्पना येते. 'अशीच' याचा अर्थ 'हेच पुन्हा' असा घेतला की काय होते, ते येथे दिसते. वाचकाची भूक भागते, पण रुची वाढत नाही. आणि काही काळाने भूकही मरते.

दुसरे उत्तर हरि नारायण आपटे यांनी दिले. 'मधली स्थिती' 1885 साली अवतरली आणि 1890 साली सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रातून 'पण लक्षात कोण घेतो' वाचकांच्या घरोघरी गेली. हरिभाऊंनी वाचकाला दुसरी राजकन्या दिली नाही. अद्भुतरम्य कथा जेथे संपत असे त्या विवाहाच्या उंबरठ्यापाशी त्यांनी विचारले की पुढे त्या मुलीचे काय झाले? मागच्या पुस्तकाने मनात जागविलेला आणि अनुत्तरित ठेवलेला प्रश्न हाती धरून पुढचे पुस्तक आले. 'अशीच' या शब्दाचा हा खरा अर्थ होय. साम्य कथानकात नसते; ते वाचकाच्या मनात उरलेल्या प्रश्नात असते.

हे सूत्र ध्यानात ठेवून पुढील काळाकडे पाहिले म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. ना. सी. फडके यांच्या 'कुलाब्याची दांडी' (1925), 'जादूगार' (1928), 'दौलत' (1929) या कादंबऱ्यांनी सुशिक्षित तरुण-तरुणींचे प्रेम मराठी वाचकाच्या दिवाणखान्यात आणून बसविले. पाठोपाठ वि. स. खांडेकर आले; 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' या त्यांच्या कादंबऱ्या 1934 सालच्या. फडके 1940 साली रत्नागिरीच्या, तर खांडेकर लगोलग 1941 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. समीक्षकांनी या दोघांना कलावाद आणि जीवनवाद यांच्या दोन छावण्यांत उभे केले. पण सामान्य वाचक या छावण्यांतून निर्धास्तपणे ये-जा करीत होता. 'दौलत' आवडलेल्या वाचकाच्या हाती कोणी 'दोन ध्रुव' ठेवली, तर त्यात सिद्धांताची फितुरी नव्हती. दोन जीवांच्या प्रेमाने जगाचे दुःख कमी होते काय, ही पहिल्या पुस्तकाने न विचारलेली शंका दुसऱ्याने विचारली, इतकेच.

विभावरी शिरूरकर यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा संग्रह 1933 चा. फडक्यांच्या नायिकेसारखीच शिकलेली, पण जिचे लग्न ठरत नाही अशी मुलगी त्यात बोलू लागली. प्रणयकथेची वाचक मानली गेलेली स्त्री तेथे स्वतः लेखिका झाली होती. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. आणि त्यांचे पती विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' ही कादंबरी 1939 साली आली. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर नावाचा मराठी तरुण आणि हॅर्टा ही जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी यांचे प्रेम जडते, आणि युद्धाच्या छायेतील जग त्या प्रेमाला किनारा लाभू देत नाही. मीलनाने संपणाऱ्या कथांचा ज्याला कंटाळा आला आहे, त्याच्यासाठी याहून योग्य शिफारस मराठीत शोधून सापडणे कठीण.

शिफारस नेहमीच उघडपणे होत असे असे नाही. चंद्रकांत काकोडकर यांची 'शामा' ही कथा 1962 सालच्या 'रंभा' दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला दोषमुक्त केले. स्त्री-पुरुषसंबंधाचा नुसता उल्लेख म्हणजे अश्लीलता असे मानले तर धार्मिक पुस्तकांवाचून दुसरे काही विकताच येणार नाही, अशा आशयाचे मत न्यायालयाने मांडले. ज्या वाचनाची वडीलधाऱ्यांना लाज वाटते, त्याची शिफारस मुले आपसांत करतात, आणि तेथे ग्रंथपालाचा किंवा पालकाचा काही उपाय चालत नाही. तिरस्काराने वाचन थांबत नाही. फक्त मार्गदर्शन थांबते.

इतर देशांतही हेच घडले आहे. इंग्लंडात 1908 साली स्थापन झालेल्या मिल्स अँड बून या प्रकाशनसंस्थेने पुढे आपल्या प्रेमकथांना एकसारखी तपकिरी वेष्टने चढविली आणि वाचनालयांतील स्त्रिया लेखिकेचे नाव न घेता त्या वेष्टनाच्या रंगावरून पुस्तक मागू लागल्या. 'अशीच'चा हा व्यापारी अर्थ झाला. जपानचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. युद्धोत्तर काळात तेथे भाड्याने पुस्तके देणारी लहान दुकाने गल्लोगल्ली होती आणि चित्रकथा, म्हणजे मांगा, पुष्कळांनी तेथूनच नेऊन वाचल्या. मुलींसाठी निघणाऱ्या मासिकांत आरंभी पुरुष चित्रकारांचेच वर्चस्व होते. ओसामू तेझुका यांची राजकन्येची कथा 1953 सालची. पुढे 1970 नंतरच्या दशकात त्या मासिकांच्या वाचक असलेल्या मुलीच मोठ्या होऊन चित्रकार झाल्या. रियोको इकेदा यांनी 1972 साली सुरू केलेली व्हर्सायच्या गुलाबाची कथा फ्रेंच राज्यक्रांतीत घडते आणि तिची नायिका मुलगा म्हणून वाढविलेली एक सेनाधिकारी आहे. मराठीत 1933 साली जे घडले, त्याचाच हा दूरचा प्रतिध्वनी नव्हे काय?

सेक्टर 10 मधील मराठी घरांत आज जी तरुण मुले-मुली या जपानी चित्रकथा इंग्रजीतून वाचतात आणि एक संपली की "अशीच दुसरी कोणती?" म्हणून मित्रमैत्रिणींना विचारतात, त्यांच्याविषयी वडील पिढी बहुधा एकच वाक्य उच्चारते : "ही मुले मराठी वाचत नाहीत." या वाक्यात खेद आहे, पण विचार नाही. ती मुले वाचक आहेत, आणि चांगले वाचक आहेत. चाळीस-चाळीस खंडांची प्रेमकथा चिकाटीने वाचणारा वाचक 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीच्या जाडीला भिणार नाही. शिवाय कोलकाता किंवा चेन्नई येथील मराठी मुलांहून भिलाईच्या मुलांना एक सोय अधिक आहे. हिंदीमुळे देवनागरी लिपी त्यांच्या परिचयाची आहे. अडसर लिपीचा नाही. 'हे तुझ्यासाठी आहे' असे सांगणारा माणूस नाही, हा आहे.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली आपली पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, ही त्यांपैकी दोन. आपण परप्रांतांतील मराठी मंडळी पहिले सूत्र विसरून दुसऱ्याच्याच मागे लागतो. आपल्या कपाटातील ग्रंथाला वाचक मिळावा म्हणून मुलाच्या हाती एकदम 'ययाति' देतो आणि तो ती तिसऱ्या पानावर मिटवितो, तेव्हा दोष भाषेला देतो. त्याऐवजी त्याने आजच काय वाचून संपविले आणि त्या कथेतील कोणती गोष्ट त्याला छळते आहे, हे आधी विचारावे. परक्या देशातील दोन माणसे एकमेकांना कितपत कळू शकतात, या प्रश्नाने जी मुलगी अस्वस्थ आहे, तिला गौरी देशपांडे यांची 'तेरुओ' द्यावी. त्यातील तेरुओ हा जपानी तरुणच आहे. जिला शोकान्त हवा, तिला 'रणांगण' द्यावी. ती आकारानेही लहान आहे. ज्याला पुराणातील माणसांचे मोह चित्रांत पाहावयास आवडतात, त्याच्या वाट्याला 'ययाति' केव्हातरी येईलच. 1959 सालच्या या कादंबरीच्या कर्त्याला ज्ञानपीठ पुरस्कारासाठी 1974 पर्यंत थांबावे लागले, आपल्यालाही थोडे थांबता येईल.

देवघेव एकतर्फी असू नये, हेही सांगितले पाहिजे. जो काका मुलाच्या हाती पुस्तक ठेवतो, त्याने मुलाने दिलेले पुस्तकही वाचावे. आपली आवड दुसऱ्याने मनावर घेतली असे दिसल्यावाचून कोणीही दुसऱ्याची शिफारस मनावर घेत नाही. याच छत्तीसगडच्या पेंड्रा गावातून 1900 साली 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे जन्माने मराठी होते. त्यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदी वाचकांच्या हाती दिले. परभाषेतील शेजाऱ्याला नेमके काय रुचेल, हे ते जाणत होते. 1981 साली गंगाधर गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली रायपूरला मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा या भागात मराठी वाचक आहेत हे सर्वांनी पाहिले. ते पुढेही राहतील की नाही, हे आता मंडपावर अवलंबून नाही. बदलीच्या गावी खोक्यात बांधून आणलेली जी पाचपंचवीस पुस्तके प्रत्येक अधिकाऱ्याच्या घरी आहेत, त्यांतील कोणते पुस्तक शेजारच्या कोणत्या मुलीचे आहे, हे ज्याला ओळखता येईल त्याच्यावर ते अवलंबून आहे.