बालसंरक्षण व्यवस्था : भारत व शेजारी देश

आईवडिलांचे छत्र हरपलेल्या, टाकून दिलेल्या, हरवलेल्या, तसेच छळ, विक्री वा लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकांचा ताबा, निवारा आणि पुनर्वसन यांसाठी शासनाने उभारलेली कायदे, अधिकारी व संस्था यांची यंत्रणा. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार नेपाळ, बांगलादेश, भूतान व पाकिस्तान यांनी १९९० मध्ये, श्रीलंकेने १९९१ मध्ये आणि भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. त्यामुळे या देशांच्या कायद्यांची भाषा बरीचशी सारखी आहे आणि नुसती कलमे शेजारी ठेवून तुलना केल्यास फारसे हाती लागत नाही. मूल सापडले त्या दिवशी त्याच्याबद्दलचा निर्णय कोणाच्या हाती असतो, हे पाहिले की फरक दिसू लागतो.

भारतात हा निर्णय बाल कल्याण समितीचा असतो. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार जिल्ह्यात किमान एक अशी समिती असते. अध्यक्ष व चार सदस्य मिळून पाच जणांच्या या समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मुंबईच्या एखाद्या रेल्वे फलाटावर एकटे मूल आढळले, तर रेल्वे पोलीस किंवा स्टेशनवरील मदत कक्षाचे कार्यकर्ते त्याची नोंद घेतात आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला समितीपुढे हजर करतात. समिती त्याची तात्पुरती रवानगी बालगृहात करते. त्यानंतर गृहचौकशी होते. घर कुठे आहे, घरी कोण आहे, मूल का निघाले, परत पाठवणे सुरक्षित आहे का, याचा अहवाल १५ दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत अपेक्षित असतो. व्यवहारात सगळी भिस्त या गृहचौकशीवर असते. जिल्हा बाल संरक्षण कक्षात माणसे अपुरी असली की अहवाल रखडतो आणि मूल बालगृहातच राहते. गरिबीमुळे मूल घरापासून तुटू नये म्हणून महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून कुटुंबाला दरमहा अनुदान मिळते. संस्थेत मूल ठेवण्यापेक्षा हा मार्ग निःसंशय चांगला. दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला.

बांगलादेशाने राष्ट्रीय बालकायदा १९७४ मध्येच केला. भारतात राज्यांचे कायदे जुने असले, तरी जम्मू-काश्मीर वगळता सर्व राज्यांसाठी एकच कायदा १९८६ साली आला. बांगलादेशाच्या २०१३ च्या नव्या कायद्यात प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकक्ष आणि त्यावर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी, शक्यतो महिला, अशी तरतूद आहे. समितीऐवजी तेथे समाजसेवा खात्याचा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी हा कणा आहे. इतका भार एकट्या माणसावर टाकणे ही या रचनेची कमजोरी मानावी लागते. बालविवाहाच्या २०१७ च्या कायद्याने ‘विशेष परिस्थितीत’ १८ वर्षांखालील मुलीच्या लग्नाला न्यायालयाच्या परवानगीने वाट ठेवली. मुलीच्या हिताच्या नावाखाली ठेवलेली ही पळवाट मुलीच्याच विरोधात जाते, हा महिला संघटनांचा आक्षेप रास्त आहे.

नेपाळने २०१५ च्या संविधानानंतर जबाबदारी पालिकांकडे, म्हणजे गावाच्या अगदी जवळ आणली. २०१८ च्या बालकायद्यानुसार स्थानिक पातळीवर बालहक्क समिती आणि बालकल्याण अधिकारी अपेक्षित आहेत. घरासकट सर्वत्र मुलांना मारण्यास कायद्याने बंदी घालणारा नेपाळ हा दक्षिण आशियातील पहिला देश होय. भारतात ही बंदी शाळा व बालसंस्थांपुरती आहे. विवाहाचे किमान वय नेपाळच्या नव्या फौजदारी संहितेने मुलगा व मुलगी दोघांसाठी २० ठेवले. मात्र काठमांडू खोऱ्यातील बालगृहांत आईवडील हयात असलेली असंख्य मुले ‘अनाथ’ म्हणून ठेवली गेली, कारण परदेशी देणगीदार आणि हौशी स्वयंसेवक अनाथ मुलांसाठीच पैसे देत. डोंगराळ जिल्ह्यांतील पालकांना शिक्षणाचे आमिष दाखवून मुले खाली आणली जात. बालगृहे वाढली म्हणजे बालसंरक्षण वाढले, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण मुळातून पाहावे.

श्रीलंकेत मूल न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जाते आणि आधार १९३९ च्या वसाहतकालीन अध्यादेशाचा असतो. १९९८ च्या कायद्याने राष्ट्रीय बालसंरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. त्याचा दूरध्वनी क्रमांक १९२९. परिविक्षा व बालसंगोपनाचे काम १९८७ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनंतर प्रांतांकडे गेल्याने प्राधिकरण कोलंबोत आणि प्रत्यक्ष काम करणारी माणसे प्रांतांच्या हाताखाली, अशी विभागणी झाली. १९८० च्या दशकात हजारो अर्भके दत्तक म्हणून युरोपात गेली. त्यांतील अनेकांची कागदपत्रे बनावट होती. फौजदारी जबाबदारीचे किमान वय श्रीलंकेने २०१८ मध्ये ८ वरून १२ केले. भारतात ते अजून ७, बांगलादेशात ९ आणि नेपाळमध्ये १० आहे.

पाकिस्तानात २०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीपासून बालसंरक्षण हा विषय प्रांतांचा आहे. सिंधने २०१४ मध्ये मुलींचे विवाहवय १८ केले, तर पंजाबात ते बराच काळ १६ च राहिले.

मुलांसाठीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या चाइल्डलाइन उपक्रमातून सुरू झाला. पुढे नेपाळ व बांगलादेशातही हाच क्रमांक आला. भारतात २०२३ पासून तो शासनाने आपल्याकडे घेऊन ११२ या आपत्कालीन सेवेशी जोडला.

सीमा ओलांडलेल्या मुलांबाबत मात्र या व्यवस्था एकमेकींना क्वचितच भेटतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या कुंटणखान्यांवरील धाडींत सुटका झालेल्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या. नेपाळ सरकारने त्यांना परत घेण्यात चालढकल केली. त्या कित्येक महिने महाराष्ट्रातील निवारागृहांत राहिल्या आणि शेवटी काठमांडूच्या स्वयंसेवी संस्थांनी शंभरहून अधिक मुलींना परत नेले. त्यांच्यापैकी काहींनी उभारलेल्या ‘शक्ती समूह’ या संघटनेला २०१३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खुल्या सीमेमुळे नेपाळी मुलाची पाठवणी आज त्या मानाने सोपी आहे. बांगलादेशी मुलाचे तसे नाही. त्याने सांगितलेला गावाचा पत्ता उच्चायुक्तालयामार्फत पडताळून राष्ट्रीयत्व सिद्ध झाल्याखेरीज प्रवासपत्र मिळत नाही आणि तोवर ते बालगृहातच अडकते. सार्क देशांनी बालकल्याण व मानवी व्यापार यांवर ५ जानेवारी २००२ रोजी काठमांडूत दोन करार केले. परंतु सार्कची शिखर परिषद २०१४ नंतर भरलेली नाही आणि मुलांच्या परतीचा प्रश्न आजही दोन-दोन देशांतील समझोत्यांवर व सीमेच्या दोन्ही बाजूंच्या स्वयंसेवी संस्थांच्या परस्परओळखीवर चालतो.