पानावरचा सुका ठिपका : रोग की झाडाची राखण?



पानावर ठिपका दिसला की आपला हात लगेच फवारणीच्या पंपाकडे जातो. पण प्रत्येक ठिपका म्हणजे रोगाची सरशी नव्हे, बरं का! काही ठिपके झाड स्वतःच पाडते, रोगाला तिथल्या तिथे अडवण्यासाठी. हे माणसाला उमगायला शंभरावर वर्षे लागली. ती हकीकत थोडक्यात सांगतो.

गोष्ट सुरू होते हॉलंडमधल्या तंबाखूच्या शेतात. तिथे पानांवर फिकट व गडद हिरवे चट्टे पडत आणि पाने वेडीवाकडी होत. अॅडॉल्फ मायर यांनी या रोगाला 'मोझॅइक' नाव दिले. रोगट पानाचा रस निरोगी झाडाला टोचला तर तेही आजारी पडते, हे त्यांनी १८८६ साली दाखवले. १८९२ साली रशियात इव्हानोव्स्की यांनी तो रस जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला, तरी रोग लागलाच! हे कारण जिवाणूहून निराळे आहे, असे १८९८ साली बायरिंक यांनी सांगितले. त्यालाच आपण विषाणू म्हणतो.

पुढे १९२९ साली अमेरिकेत फ्रान्सिस होम्स यांनी हाच विषाणू रानटी तंबाखूच्या एका जातीच्या पानावर चोळला. झाडभर रोग पसरला नाही. चोळल्या जागी नुसते बारीक सुके ठिपके पडले, आणि विषाणू तिथेच कोंडला गेला. लागण झालेल्या पेशींनी मरण पत्करून बाकीचे झाड वाचवले होते. हा गुण संकराने लागवडीच्या तंबाखूत उतरवल्याचे होम्स यांनी १९३८ साली प्रसिद्ध केले.

आता तुम्ही विचाराल, पेशी मरू लागल्या तर ते मरण थांबते कुठे? सगळे पानच का वाळत नाही?

डोंगराला वणवा लागला की गावकरी पुढचा गवताचा पट्टा स्वतःच जाळून टाकतात. पण तेवढ्याने भागत नाही. त्या पट्ट्याची आग गावाकडे वळू नये म्हणून हिरव्या डहाळ्या घेऊन माणसे उभी राहतात. झाडातही अशी राखण असते. तिचे नाव स्वभक्षण, म्हणजे स्वतःलाच खाणे. पेशी आपल्यातला मोडका, निकामी माल पिशवीत गुंडाळते, विरघळवते आणि त्यातले कामाचे पुन्हा वापरते. आपण नाही का पडक्या घराचा वासा गोठ्याला लावत, तसेच!

हे नाव १९६३ साली बेल्जियमचे शास्त्रज्ञ द दूव यांनी दिले. जपानचे ओसुमी यांनी १९९२-९३ च्या सुमारास यीस्टमध्ये या कामाची जनुके शोधली. त्यासाठी त्यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

झाडातली राखण उघड झाली २००५ साली. अमेरिकेतील येल विद्यापीठात दिनेशकुमार व सहकाऱ्यांनी तंबाखूच्या जातीतल्या रोगप्रतिकारक झाडात स्वभक्षणाचे एक जनुक बंद केले आणि मोझॅइकचा विषाणू लावला. तेव्हा मरण ठिपक्यापाशी थांबले नाही. निरोगी भागातल्या पेशीही मरू लागल्या. डहाळीवाले नसले तर पट्ट्याची आगच गाव जाळते, तसे झाले.

रोगही कमी बेरकी नाही. बटाट्यावरच्या करप्याचा जंतू आपले एक प्रथिन पेशीत सोडून ही यंत्रणा बिघडवतो, असे २०१६ साली दिसून आले.

यातून आपण काय घ्यायचे?

- ठिपका दिसला की चार-सहा दिवस रोज पाहा. ठिपके बारीक, सुके राहिले, वाढले नाहीत आणि नवी पालवी स्वच्छ आली, तर झाड लढते आहे असे समजायला जागा आहे. ठिपके पसरत असतील, तर वाट न पाहता पान कृषी अधिकाऱ्यांना दाखवा.
- मोझॅइकवर बुरशीनाशकाचा काही उपयोग नाही. पैसे वाया जातील.
- हा विषाणू हातानेही पसरतो. तंबाखू मळलेल्या हाताने टोमॅटो-मिरचीच्या रोपांना शिवू नका. आधी साबणाने हात धुवा.
- प्रतिकारक वाणालाही मर्यादा असते. होम्स यांच्या तंबाखूचा हा गुण २८ अंश सेल्सिअसच्या वर ढिला पडतो. म्हणून वाण चांगला असला तरी शेतातली फेरी चुकवू नका.

झाडाची राखण झाड करतेच. आपण तिला साथ द्यायची.